तंबोरा आणि खिशातले यंत्र

धार-देवासकडील मराठी घरांत गाण्याची आवड जुनी आहे. देवासला उस्ताद रजब अली खाँ यांचे वास्तव्य होते. पुढे १९४८ साली कुमार गंधर्व येथे आले व १९९२ साली निधन होईपर्यंत येथेच राहिले. अशा गावी गाणे शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे आज एक प्रश्न उभा राहतो : तंबोरा घ्यावा, की घरातल्या मोबाइलवरच काम भागवावे?

प्रथम मोबाइलची बाजू पाहू. त्या एकाच यंत्रात तंबोऱ्याचा स्वर, तबल्याचा ठेका, स्वर तपासण्याची व गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय असते. तंबोऱ्याला पैसा लागतो, जागा लागते, प्रवासात जपणूक लागते. ज्या घरी तंबोरा येणे शक्यच नाही, तेथेही मोबाइलमुळे रियाज चालू राहतो. हा लाभ लहान नव्हे.

परंतु अनेक कामे एकावर सोपविली की प्रत्येक कामात थोडी तडजोड आलीच. खर्ज घुमण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. तंबोऱ्याचा भोपळा व त्यावरील लाकडी तबली ते काम सहज करतात. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकाला ते साधत नाही. वेगळा ध्वनिक्षेपक जोडावा, तर एका यंत्राची दोन यंत्रे झाली! मध्येच कोणाचा फोन आला की स्वर तुटतो. आणि बॅटरी संपली की तंबोरा, ठेका, ध्वनिमुद्रण सारे एकदमच थांबते.

तंबोऱ्याला काम एकच : गायकाला आधारस्वर देणे. त्याच्या चार तारा बहुधा पंचम, दोन षड्ज व खर्ज अशा लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी साधली की मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही उमटतात. तंबोरा नीट जुळला, तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो! खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर होय.

हे जुळविणे मात्र कष्टाचे. हवा बदलली की तारा पुन्हा उतरतात वा चढतात. यंत्र हे कष्ट वाचविते. पण त्याच कष्टांत कान तयार होतो. तंबोरे जुळविण्याविषयी कुमार गंधर्वांची दक्षता सर्वश्रुत आहे, ती उगाच नव्हे.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, ठेका व ध्वनिमुद्रण यांसाठी मोबाइल खुशाल वापरावा. घरी तंबोरा नसेल, तर गुरुजींकडे जाऊन आठवड्यातून एकदा तरी तो स्वतः जुळवून पाहावा. कोणतेही यंत्र निवडताना त्यात सोयी किती हे पाहावेच. पण त्यांतील कोणते काम आपणास स्वतःला यावयास हवे, हेही मनाशी विचारावे. ते काम यंत्राकडे सोपवू नये.