पैठणीची जाहिरात कुणी केली?

‘आधी नाव कमवा, गिऱ्हाईक आपोआप येईल,’ असं छोट्या उद्योजकांना हमखास सांगितलं जातं. पैठणकडे बघितलं की या सल्ल्यावरचा विश्वास उडतो. या गावाचं नाव थेट साडीलाच लागलं, त्याहून मोठं नाव ते काय? तरीही आज लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब ‘पैठणी घ्यायला चला’ म्हणतं आणि गाडी वळते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याकडे.

गंमत म्हणजे, पैठणच्या व्यापाराचा जो प्राचीन दाखला नेहमी दिला जातो, त्यात पैठणच्या कापडाचं कौतुक नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून बंदरावर येतात ते अकीकासारखे खडे. कापड आणि मलमल येते ती आणखी दहा दिवस पूर्वेला असलेल्या तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. पैठणीच्या जाहिरातींत मात्र सातवाहन आणि पैठणी एका दमात येतात. इतिहास सांगून माल विकायचा तर तो आधी वाचलेला असावा. पैठणीकडे खऱ्या गोष्टी इतक्या आहेत, की उसन्याची गरजच पडू नये.

पेशवाईतला दाखला जास्त कामाचा आहे. पैठणहून आसावली नक्षीचे दुपट्टे मागवताना लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंगही पेशव्यांच्या पत्रात नेमके सांगितलेले आहेत. ठरलेलं गिऱ्हाईक, ठरलेली नक्षी, पैशाची खात्री. अशा विणकराला चारचौघांत आपल्या मालाबद्दल बोलण्याची गरजच काय? पुढे पैठण निजामाच्या राज्यात राहिलं आणि हैदराबादच्या घराण्याने ही कला पोसली. 1948 मध्ये ते संस्थान विलीन झालं. आश्रय गेला आणि बाजाराशी बोलायची सवय कधी लागलेलीच नव्हती. एकाच बड्या कंपनीची ऑर्डर पुरवत वीस वर्षं काढलेले कारखानदार आजही याच खड्ड्यात पडलेले दिसतात.

राज्य सरकारच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणमध्ये विणकाम केंद्र चालवलं, त्यामुळे माग टिकले. 1976 मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं, त्याच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या काठी संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं, सहली येऊ लागल्या. नाथषष्ठीला तर लाखो वारकरी येतात. माणसांचा तोटा पैठणला कधीच नव्हता. पण संत एकनाथांच्या समाधीपुढे डोकं टेकवायला पायी आलेला माणूस हजारो रुपयांची साडी घेत नाही आणि शाळेच्या सहलीतली मुलं तर नाहीच नाही.

येवल्याचं गणित वेगळं. मनमाड-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन, शिर्डी तीसेक किलोमीटरवर. शिर्डीला देशभरातून येणारी कुटुंबं गाडी करून, बायकामाणसांसह येतात. शिवाय इथले माग विणकरांच्या घरातच. बांगडी मोराची नक्षी कशी उमटते, एकेका रंगाची कांडी ताण्यातून कशी फिरते, हे गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं आणि मग किमतीवर फार घासाघीस करत नाही. माझ्या मते पैठणीची सगळ्यात चांगली जाहिरात हीच, आणि तिला एजन्सी लागली नाही. पैठणला रेल्वे नाही, हे खरं. पण वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक पन्नास किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात मुक्कामाला असतात, त्यांना इकडे आणणं अशक्य नव्हतं.

मग आला 2004. तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे सूत्रसंचालक आदेश भावोजी जवळजवळ दोन दशकं संध्याकाळी घराघरांत जाऊन वहिनींना पैठणी देत राहिले. शांता शेळक्यांच्या ‘पैठणी’ या कवितेतली आजीची ठेवणीतली साडी आता कोणत्याही चाळीतल्या सुनेच्या अंगावर येऊ शकत होती. जाहिरातीचं बजेट ओतूनही असा प्रसार विकत मिळाला नसता. त्यासोबत आलेला तोटा मात्र कुणी मोजला नाही. पैठणी सगळ्यांना हवीशी झाली, पण ती ओळखायची कशी, हे सांगायला कुणी पुढे आलं नाही. त्या फटीतून यंत्रमागाची ‘सेमी पैठणी’ शिरली आणि दीड-दोन हजारांत मोर मिळू लागले.

2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कार झाले, बातम्या छापून आल्या. हे मानांकन उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली, चिन्ह साडीला लावलं आणि त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला समजावला तरच उपयोगाचं. नाहीतर ते प्रमाणपत्र काउंटरच्या मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये लटकत राहतं, गणपतीच्या तसबिरीशेजारी.

2022 मध्ये दोन गोष्टी घडल्या. ‘होम मिनिस्टर’च्याच ‘महामिनिस्टर’ या पर्वात अकरा लाखांची पैठणी बक्षीस ठेवली गेली. त्याच वर्षी ‘गोष्ट एका पैठणीची’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. एवढी चर्चा वर्षानुवर्षांत एखाद्याच वस्त्राच्या वाट्याला येते. अशा वेळी ज्याच्या दुकानाचा पत्ता नकाशावर सापडतो, फोन उचलला जातो आणि मागाचा एक साधा व्हिडिओ तयार असतो, त्याच्याकडे लोक वळतात.

पैठणच्या एखाद्या विणकराने आज विचारलं, तर मी होर्डिंग सुचवणार नाही. प्रत्येक घडीत एक छापील चिठ्ठी घालावी: कुणी विणली, मागावर किती दिवस होती, रेशीम आणि जर कुठली. गिऱ्हाइकासमोर पदर उलटा करून दाखवावा, कारण हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच नेटकी दिसते आणि यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात. आणि दुकानात सेमी पैठणीही ठेवायचीच असेल, तर तिच्यावर ‘सेमी’ हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावं.