कळसूबाईच्या डोक्यावर दोन हजार फूट

शिर्डीला जायचे म्हणजे मनमाड किंवा कोपरगावला आगगाडीतून उतरायचे आणि पुढे एस. टी. किंवा टमटम गाठायची, असा आपल्या घराघरांतला कित्येक वर्षांचा रिवाज. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते काकडी गावच्या माळावर विमानतळाचे उद्घाटन झाले आणि बाबांच्या दरबारी आकाशातूनही वाट फुटली. समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवरचा हा माळ. धावपट्टीच्या बाजूला उभे राहिले तर चहूकडे ज्वारी-बाजरीचा सपाट मुलूख. इथे उतरणाऱ्या विमानाला डोंगराची भीती ती कसली, असे कुणालाही वाटावे.

पण पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ असेल, तर पश्चिमेकडे क्षितिजावर एक निळसर रेघ दिसते. ती अकोल्याच्या बाजूची सह्याद्रीची रांग. नकाशा उघडा आणि मुंबईपासून शिर्डीपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढा. ती हरिश्चंद्रगडाच्या अगदी जवळून जाते. कळसूबाई तिच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर राहते. विमानांचे प्रत्यक्ष मार्ग अशा सरळ रेघेने आखलेले नसतात हे खरे, पण मुंबईहून इकडे येणाऱ्याला सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.

कळसूबाईला मी तीनदा गेलो आहे. शेवटच्या लोखंडी शिडीवर धाप लागते, देवीच्या राउळापाशी टेकावे म्हणावे तोच ढग येतो आणि चार हातांवरचा सोबती दिसेनासा होतो. आपण पायावर उभे असतो म्हणून चिंता नसते. पण त्याच ढगातून ताशी चारशे-पाचशे किलोमीटर वेगाने कुणी येत असेल तर? त्याला पुढे डोंगर आहे हे कोण सांगणार? सांगतो तो एक आकडा. त्या आकड्याचे नाव ‘किमान सुरक्षित उंची’.

हा आकडा काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. विमानतळ किंवा तिथले रेडिओ केंद्र मध्यबिंदू धरून २५ सागरी मैलांचे, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. त्याच्या बाहेर आणखी ५ मैलांची पट्टी खबरदारी म्हणून जोडायची. एवढ्या टापूत सर्वांत उंच काय आहे ते शोधायचे, मग तो डोंगर असो, मनोरा असो की विजेचा खांब. त्या उंचीवर किमान १००० फूट मोकळी जागा धरायची, डोंगराळ मुलुखात ती वाढवत २००० फुटांपर्यंत न्यायची, आणि येणारा आकडा पुढच्या शंभरात पूर्ण करायचा. नेहमी वर, खाली कधीही नाही. एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे सपाटी असेल तर वर्तुळाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो.

डोंगराळ भागात दुप्पट अंतर का? कारण डोंगर नुसता उंच नसतो, तो वाऱ्यालाही वळण लावतो. जोराचा वारा कड्यावर आदळला की पलीकडच्या अंगाने खाली कोसळतो आणि विमानालाही खाली खेचतो. शिवाय उंची मोजण्याचे विमानातले यंत्र मुळात हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधते. दाब एका हेक्टोपास्कलने चुकीचा लावला तर उंचीत सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. दहाने चुकला तर जवळजवळ तीनशे फूट उडाले! म्हणून नियंत्रक त्या वेळचा दाब वैमानिकाला सांगतो आणि वैमानिक तो आकडा जसाच्या तसा पुन्हा म्हणून दाखवतो. बाहेरच्याला ही पोपटपंची वाटेल, पण तिच्यावर जीव टांगलेले असतात.

आता कळसूबाई. शिर्डीच्या धावपट्टीपासून ती सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे त्या वर्तुळाच्या आणि पट्टीच्याही बाहेर. पण वर्तुळाबाहेर डोंगर संपत नाहीत. त्यासाठी मार्गांच्या नकाशांवर चौकटी पाडून प्रत्येकीत सुरक्षित उंची छापलेली असते. त्यातल्या एका रूढ पद्धतीप्रमाणे ५००० फुटांपर्यंतच्या भूभागावर १००० फूट आणि त्याहून उंच असल्यास २००० फूट मोकळे ठेवतात. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर ५४०० फुटांचे, म्हणजे तिने ती रेषा ओलांडलेली. करा बेरीज : ७४०० फूट. नवस फेडायला येणाऱ्यांना ठाऊकही नसते, की देवीच्या डोक्यावर दोन हजार फुटांचे अदृश्य छत्र धरलेले आहे.

हे छत्र मोडले तर काय होते, ते आपल्याच सह्याद्रीने पाहिले आहे. ७ जुलै १९६२. सिडनीहून रोमला निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. पावसाळ्यातली मध्यरात्र. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकांनी विमान खाली आणायला सुरुवात केली. प्रत्यक्षात मुंबई ८० किलोमीटरहून दूर होती आणि खाली जुन्नरच्या परिसरातले डोंगर होते. दवंड्याच्या डोंगरावर, माथ्यापासून अवघ्या काही फुटांवर विमान आदळले. ९४ माणसे होती, एकही वाचले नाही. चौकशीत निघालेल्या कारणांत आपण कुठे आहोत याचा चुकलेला हिशेब होता, मुलुखाची अनोळख होती आणि ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडल्याचीही स्पष्ट नोंद होती. आकडा तेव्हाही कागदावर होता. तो पाळला असता तर विमान त्या माथ्यावरून निर्धास्त निघून गेले असते.

मग नियंत्रक काय करत होता, असा प्रश्न मनात येतोच. इथला नियम सर्वसामान्यांना सहसा माहीत नसतो. विमान आपल्या मार्गाने, आपल्या साधनांनी चालले असेल तेव्हा डोंगरापासून दूर राहण्याची जबाबदारी वैमानिकाची. पण नियंत्रकाने रडारवर पाहून ‘अमुक दिशेला वळा, तमुक उंचीवर या’ असे सांगायला सुरुवात केली, की ती जबाबदारी त्याच्याकडे येते. त्यासाठी त्याच्यापुढे वेगळा नकाशा असतो. प्रत्येक तुकड्यात किमान उंची लिहिलेली, आणि तिच्याखाली विमान बोलावण्याची त्याला मुभा नाही. हे आकडे तो स्वतः मनाने ठरवत नाही. पद्धती आखणारे तज्ज्ञ ते काढतात, त्यांची तपासणी आणि मंजुरी होते, आणि नवा मनोरा उभा राहिला तर पुन्हा हिशेब करावा लागतो.

दोघांमधला एखादा शब्दही किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण आपल्याला जन्मभर सलणारे आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ जणांना, आणि त्यांतच डॉ. होमी भाभांना, आपण गमावले. पर्वत अजून पुढे आहे, असे नियंत्रकाने रडारवर पाहून कळवले होते. वैमानिकाचा समज मात्र तो ओलांडल्याचा झाला.

शिर्डीकरांना या साऱ्याची चुणूक वेगळ्या रीतीने मिळाली. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता घसरल्यामुळे इथली उड्डाणे कित्येक दिवस बंद होती. लांबून आलेले भाविक खोळंबले, कुणाचे लग्न, कुणाची नोकरीची हजेरी हुकली असेल. डोळ्यांनी धावपट्टी पाहून उतरायचे असेल तर डोळ्यांना दिसलेच पाहिजे, हा साधा हिशेब त्यामागे होता. दिसत नसेल तिथे यंत्रे हवीत, आखलेली वाट हवी आणि त्या वाटेच्या प्रत्येक टप्प्याला किमान उंचीचा आकडा हवा. २०२५ च्या मार्चअखेरीस इथे रात्रीची विमानेही उतरू लागली. अंधारात डोंगर आणि आकाश एकच होतात, तेव्हा तर या आकड्यांखेरीज दुसरा आधार नाही.

आपल्याकडे घाटात ‘सावकाश जा, घरी कुणी वाट पाहत आहे’ अशा पाट्या असतात. त्या वाचून हसत पुढे जाणारे आपणच. आकाशात पाटी लावता येत नाही, म्हणून ती आकड्यात लिहिली आहे. पुढच्या खेपेला विमान शिर्डीवर घिरट्या घालू लागले, किंवा न उतरता दुसरीकडे वळवल्याची घोषणा झाली, तर चडफड जरूर होईल. मुले कंटाळतील, आजींचा दर्शनाचा मुहूर्त टळेल. त्या वेळी एवढे मुलांना सांगावे, की खाली ढगात कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे, आणि ते आपल्याला दिसत नसले तरी कुणीतरी त्यांची उंची मोजून ठेवली आहे.