कंपनी गेली, मोटार राहिली

2017 सालच्या मे महिन्याच्या 18 तारखेला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने, वर्षअखेरीपासून आपण भारतात मोटारी विकणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली ती मुख्यतः भांडवलाची, बाजारातील हिश्श्याची आणि कामगारांच्या भवितव्याची झाली. ज्यांनी या कंपनीच्या शेव्हरोले गाड्या कर्ज काढून, हप्ते बांधून, कित्येकदा घरातली पहिलीच मोटार म्हणून घेतल्या होत्या, त्यांचा उल्लेख बातमीच्या शेवटी एखाद्या वाक्यात येई, आणि त्या वाक्यातही कंपनीचे आश्वासनच तेवढे असे: वॉरंटी पाळली जाईल, सुटे भाग मिळत राहतील, सर्व्हिस चालू राहील. हे आश्वासन अप्रामाणिक होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु मोटार ही वस्तू विकत घेताच व्यवहार पुरा होत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे तिचा निर्माता कोठेतरी उभा आहे या विश्वासावर ती घेतलेली असते, आणि तो निर्माता उठून गेला की त्या विश्वासाला आपल्या कायद्यात आधार कोणता, या प्रश्नाला मला अद्याप समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

हे जाणे पहिलेही नव्हते. याच कंपनीने 1928 साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता, आणि खोक्यांतून आलेले भाग जोडून तयार झालेल्या शेव्हरोले मोटारी तेथून संस्थानिकांच्या वाड्यांपासून गिरणीमालकांच्या बंगल्यांपर्यंत गेल्या. स्वातंत्र्यानंतर, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, ज्यांच्यापाशी येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही अशांना केवळ जुळणीची मुभा यापुढे मिळणार नाही, असे धोरण केंद्र सरकारने 1953 साली ठरविले, आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी मुंबईतील कारभार आवरला. त्या वेळचे मोटारमालक थोडे आणि बहुधा सधन होते. गाडीची यंत्ररचना साधी होती, आणि तुटलेला भाग लेथवर घडवून देणारे कारागीर मुंबईत होते. म्हणून त्या पहिल्या प्रस्थानाची झळ फार थोड्यांना लागली.

दुसऱ्या खेपेची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. उदारीकरणानंतर बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सशी भागीदारी करून कंपनी गुजरातेत हालोल येथे आली, प्रथम ओपेल या नावाने गाड्या विकू लागली, 2003 साली तिने शेव्हरोले हे जुने नाव पुन्हा आणले, आणि 2008 साली पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे दुसरा कारखाना उभा केला. टवेरा ही गाडी पर्यटन-टॅक्सीच्या धंद्यात शिरली. 2010 साली आलेली छोटी बीट मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात बसली. जुलै 2015 मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात आणखी एक अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली, आणि त्यानंतर दोन वर्षेही पुरी होण्याच्या आत कंपनीने भारताची बाजारपेठ सोडली. 2016-17 या आर्थिक वर्षात तिची देशातील विक्री 26 हजार गाड्यांच्याही आत होती, तर निर्यात सुमारे 71 हजारांची. त्या दृष्टीने पाहता हिशेबनिसाचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या घोषणेवर भिस्त ठेवून 2015 ते 2017 या काळात ज्यांनी पूर्ण किंमत मोजून गाडी नोंदविली, त्यांची कैफियत मला सर्वांत रास्त वाटते. निर्णय जाहीर झाल्यावर विक्रेत्यांनी लाख-लाखांच्या सवलती देऊन उरलेला माल काढला. तो घेणाऱ्याने निदान जाणूनबुजून घेतला. एप्रिलमध्ये गाडी घेतलेल्या माणसाला मात्र ही निवडच मिळाली नाही.

कंपनी गेल्याचा पहिला फटका बसतो तो गाडीच्या किमतीला, आणि तो बसायला काही दिवसही लागत नाहीत. जुन्या गाड्यांचा दलाल त्याच आठवड्यात भाव पाडून मागतो. ज्याने घरच्यांसाठी गाडी घेतली त्याला हे दुःख विकण्याच्या वेळी होते. परंतु टवेरा किंवा याच कंपनीची एन्जॉय घेऊन जो शिर्डी, महाबळेश्वरच्या वाऱ्या करतो, ज्याची गाडी फायनान्स कंपनीकडे गहाण आहे आणि हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जायचाच आहे, त्याच्या बाबतीत कर्जाची बाकी आणि गाडीची किंमत यांतले अंतर एका दिवसात उलटे होते. गाडी विकून कर्ज फेडावे तर पदरचे पैसे घालावे लागतात, आणि चालवीत राहावे तर एखाद्या भागासाठी गाडी आठ-आठ दिवस गॅरेजात उभी राहण्याची धास्ती. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही.

दुसरा फटका विम्याच्या दप्तरातून येतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात अपघात झाल्यावरच येतो. आपल्याकडील मोटार-विम्यात गाडीची विमा-किंमत ठरविण्याचे एक कोष्टक आहे: वयाप्रमाणे घसारा वाढत जाऊन पाचव्या वर्षाअखेर तो 50 टक्क्यांवर पोहोचतो. परंतु पाच वर्षांपेक्षा जुन्या गाड्या आणि निर्मात्याने बनविणे बंद केलेली मॉडेले या दोन्ही प्रकारांसाठी कोष्टक लागू नाही. तेथे किंमत विमा कंपनी आणि विमेदार यांनी आपसात समजुतीने ठरवावी, असे मोटार-विम्याचे टॅरिफ सांगते. म्हणजे दोन वर्षांची गाडी देखील, तिचे मॉडेल बंद झाले एवढ्याच कारणाने, म्हाताऱ्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसते. त्यातच दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्णतः नष्ट झाल्याचे धरले जाते. विमा-किंमत दोन लाख ठरली असेल तर दीड लाखाच्या दुरुस्तीनंतर गाडीचे आयुष्य कागदोपत्री संपते; आणि भाग दुर्मीळ झाल्यामुळे बॉनेट, बंपर, रेडिएटर व एअरबॅग यांचे बिल तेथवर जायला समोरासमोरची फार मोठी धडक लागत नाही. इंजिन ठणठणीत, गाडी दुरुस्त होण्याजोगी, आणि तरीही ती भंगारात: असे प्रसंग यातून संभवतात.

आता सुट्या भागांविषयी. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींच्या भागांची जी दुकाने आहेत तेथे थोडा वेळ उभे राहिले तर या प्रश्नाची खरी रचना कळते. ऑइल फिल्टर, ब्रेकपॅड, क्लचप्लेट, बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश हे भाग मोटार कंपनी स्वतः बनवीतच नाही. ते बनविणारे स्वतंत्र कारखानदार असतात, आणि गिऱ्हाईक आहे तोवर ते बनवीत राहतात. काही भागांना तर नातेवाईक असतात. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारे फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या व्हिस्टामध्ये बसविले गेले; त्याच घराण्यातले इंजिन शेव्हरोलेच्या ‘सेल’ या गाडीच्या डिझेल आवृत्तीतही होते. फियाटने 2019 च्या सुमारास आपल्या पुंटो आणि लिनिया गाड्या बंद केल्या तरी त्यांच्या डिझेल इंजिनाला भाग मिळत राहिले, ते स्विफ्टच्या प्रचंड संख्येच्या पुण्याईने. जुना मिस्त्री हे नातेगोते तोंडपाठ जाणतो. कोणत्या गाडीचा कोणता बुश कोठे चालेल, हे त्याने कंपनीच्या पुस्तकातून नव्हे, दोन भाग हातात धरून, व्हर्नियरने मोजून शिकलेले असते.

अडते ते याच्या पलीकडे. बीटच्या हेडलाइटचे उदाहरण घ्या. बंपरला एखादी दुचाकी हलकेच घासली की हेडलाइटची काच शाबूत राहते, पण तिच्या मागचा प्लास्टिकचा कान, ज्यातून स्क्रू जाऊन दिवा गाडीला घट्ट बसतो, तो तुटतो. दिवा लागतो, पण हलतो; खड्ड्यांतून जाताना उजेड रस्त्यावर नाचत राहतो. हा कान निराळा विकत मिळत नाही. पूर्ण हेडलाइट घ्यावा लागतो. तो ज्या साच्यात तयार होतो तो साचा पुरवठादाराच्या कारखान्यात उभा असला तरी त्याची मालकी बहुधा मोटार कंपनीची असते, आणि तिने मागणी नोंदविल्याखेरीज पुरवठादार तो यंत्रावर चढवीत नाही. मग तीन वाटा राहतात: शिल्लक साठ्यातला मिळेपर्यंत थांबणे, डुप्लिकेट घेणे, किंवा भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा काढलेला माल घेणे. चौथी वाट गॅरेजवाल्याची: सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने प्लास्टिक वितळवून, आत तारेचा तुकडा घालून कान पुन्हा उभा करणे. हे काम मोठ्या कौशल्याने होते, आणि असंख्य गाड्या आज या कौशल्यावर धावत आहेत.

तळेगावमुळे बीटच्या मालकांना एक अनपेक्षित लाभही झाला. देशातील विक्री थांबली तरी मेक्सिकोसारख्या देशांसाठी तेथे डिसेंबर 2020 पर्यंत बीट तयार होत होती, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे यांच्या पुरवठादारांचे काम आणखी तीन वर्षे चालू राहिले. मात्र त्या गाड्या डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. स्टिअरिंगची यंत्रणा, डॅशबोर्ड, वायपरची जोडणी आणि रस्त्याच्या बाजूप्रमाणे प्रकाश टाकणारे हेडलाइट हे भाग त्यांचे निराळे. म्हणजे आपल्या रस्त्यांवर जे सर्वाधिक तुटते त्यांपैकी बरेचसे त्या निर्यातीतून सुटले नाही. 2020 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तेही उत्पादन थांबले, हजाराहून अधिक कामगारांचा दीर्घ लढा सुरू झाला, चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला विक्रीचा करार मंजुरीअभावी 2022 साली बारगळला, आणि जानेवारी 2024 मध्ये कारखान्याचा ताबा ह्युंदाईकडे गेला. जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री यांना नवा धनी मिळाला. त्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांची जबाबदारी त्या खरेदीखतात नव्हती. साणंद येथील फोर्डच्या कारखान्याचेही तेच झाले: सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी 2023 मध्ये तो कारखाना टाटांच्या हाती आला.

निर्माता नसतानाही मोटार जगू शकते, याचे सर्वांत ठळक प्रमाण मुंबईनेच दिले आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून तयार होणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. पण ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत पुरी होईपर्यंत, म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत, मुंबईत चालू शकली. तिला कंपनीच्या परवानगीची गरज पडली नाही. कार्बोरेटर, डायनामो, पॉइंट हे सारे रस्त्याच्या कडेला उघडता येत होते. आजची गाडी उघडायला मात्र स्कॅनर लागतो. नवा संगणकी भाग बसविला की तो गाडीशी ओळखवून द्यावा लागतो, हरवलेली किल्ली नव्याने करायची तर तिचा संकेत इंजिनाच्या संगणकात नोंदवावा लागतो, आणि त्यासाठीची साधने कंपनीने अधिकृत सर्व्हिस सेंटरांपुरती राखून ठेवलेली असतात. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच कारणावरून, अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल, जनरल मोटर्ससह 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलांत गेले. ज्या गाडीमालकाचे सर्व्हिस सेंटरच उद्या बंद होणार आहे, त्याच्या दृष्टीने त्या निकालाचे महत्त्व दंडाच्या रकमेत नव्हते. मिस्त्रीच्या हाती ते साधन येण्यात होते.

इतरत्र काय झाले ते पाहावे. याच जनरल मोटर्सने फेब्रुवारी 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातून होल्डन हे नाव मागे घेतले, तेव्हा किमान दहा वर्षे सर्व्हिस व सुटे भाग देण्याचे जाहीर केले. त्या देशाच्या ग्राहक कायद्यात, दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग वाजवी काळपर्यंत उपलब्ध राहावेत यासाठी उत्पादकाने वाजवी उपाययोजना केली पाहिजे, असे स्वतंत्र कलम आहे. त्यामुळे तेथील आश्वासनाच्या मागे कायदा उभा होता. स्वीडनची हकिकत याहून बोधप्रद आहे. साब कंपनीचे डिसेंबर 2011 मध्ये दिवाळे निघाले, पण तिची सुटे भाग पुरविणारी कंपनी कायद्याने निराळी होती, आणि सरकारने दिलेल्या कर्जहमीपोटी ती तारण होती. हमी भरावी लागल्यावर स्वीडिश सरकारने ते तारण ताब्यात घेतले, आणि पुढे ओरिओ या नावाने ती कंपनी, साबच्या नव्या गाड्या बनणे थांबल्यानंतरही, जुन्यांना भाग पुरवीत राहिली. गाड्या वाचविणे हा सरकारचा मूळ हेतू नव्हता, कर्जवसुली हा होता. तरीही भागांचे कोठार अखंड राहिल्यामुळे गाडीमालक तरले.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी सदोष मालापुरती विस्ताराने आली, 2022 साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून त्यात मोटारींचाही समावेश केला. परंतु बाजार सोडणाऱ्या कंपनीने किती वर्षे भाग पुरवावेत याची निश्चित मुदत सांगणारे कलम अजून व्हावयाचे आहे. ते करताना केवळ वर्षांचा आकडा घालून भागणार नाही, असे माझे मत आहे. कंपनी जाताना कारखाना विकते, त्याच वेळी साचे, आराखडे आणि तपासणीचे सॉफ्टवेअर कोणाच्या स्वाधीन होणार, हे त्या विक्रीच्या मंजुरीची अट म्हणून ठरले पाहिजे. ज्या पुरवठादारापाशी साचा उभा आहे त्याला, कंपनीची मागणी नसली तरी, थेट बाजारासाठी भाग काढण्याची मुभा मिळाली पाहिजे. आणि विमा नियामकाने, बंद मॉडेलांच्या किमतीसाठी समजुतीचा मोघमपणा काढून, निदान पाच वर्षांपर्यंत सर्वसाधारण कोष्टकच लागू केले पाहिजे. यातली एकही मागणी कंपनीला देशात राहण्याची सक्ती करीत नाही.

2017 साली नोंदलेल्या शेवटच्या शेव्हरोले गाड्यांची पंधरा वर्षे 2032 साली पुरी होतील, आणि ज्यांना त्या पुढे चालवावयाच्या आहेत त्यांना फेरनोंदणीपूर्वी त्या तपासणीला उभ्या कराव्या लागतील. ब्रेक, धूर, स्टिअरिंग आणि दोन्ही हेडलाइट तेथे पाहिले जातील. फोर्डच्या शेवटच्या फिगो आणि इकोस्पोर्ट त्यांच्या पाठोपाठ चार-पाच वर्षांनी येतील. वर सांगितलेली तजवीज त्यांच्यासाठी करावयाची तर साचे भंगारात जाण्यापूर्वी, म्हणजे आताच, व्हावयास हवी.