पदवीआधी कामाचा विचार

ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून डॉक्टर घडत आहेत. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांनी प्रथम वयाचा हिशेब मांडावा. आंतरवासितेसह एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन आणि अतिविशेष शिक्षणाची आणखी तीन. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी प्रवेशपरीक्षांत एकही वर्ष न गमावता तिशीच्या उंबरठ्यावर पोहोचतो. एवढा काळ गुणानुक्रमाने मिळेल ती शाखा घेत जाणे, याला नियोजन म्हणता येणार नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा क्रम उलटा होता. विशेषज्ञ झाल्यावर वर्धा परिसरातील खेड्यांत काम करताना त्यांना संशोधनाच्या शिक्षणाची गरज जाणवली. म्हणून त्यांनी १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली व १९८६ पासून गडचिरोलीत काम आरंभिले. तेथील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी नवजात अर्भकांची घरीच शुश्रूषा केली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला.

सर्वांनी गडचिरोलीस जावे असे नाही. परंतु आंतरवासितेचे वर्ष केवळ पुढील परीक्षेच्या तयारीत संपू नये. बालरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह, प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी आपले मन कोठे रमते, हे त्याच वर्षी कळते. पालकांनीही गुणानुक्रमाआधी मुलांना तेच विचारावे.