पन्हाळगडाचा घेर किती?

पन्हाळगडाविषयीच्या पुस्तकांत गडाचा घेर सात किलोमीटरांहून थोडा अधिक दिलेला असतो. सहलीला नेलेल्या विद्यार्थ्यांना आपण हा आकडा सांगतो आणि ते तो वहीत उतरवून घेतात. पण 'हा घेर कशाने मोजला?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? प्रश्न साधा दिसतो. मात्र त्याचे समाधानकारक उत्तर तयार व्हायला विसाव्या शतकाची जवळजवळ पहिली चाळीस वर्षे लागली.

या गडाच्या सुमारे निम्म्या घेराला नैसर्गिक कड्यांचे संरक्षण आहे. उरलेल्या भागात १५ ते ३० फूट उंचीचा बांधीव तट आणि बुरूज आहेत. समजा, आपण तट आधी १०० मीटरच्या दोरीने मोजला, मग १० मीटरच्या आणि नंतर १ मीटरच्या. बुरुजाची वळणे पकडली गेल्यामुळे लांबी प्रथम थोडी वाढेल. पण पुढे दोरी आणखी लहान केली तरी आकडा फारसा हलणार नाही. तो स्थिरावेल. आता हीच मोजणी कड्याच्या काठाने करू. दोरी लहान होताच नव्या घळी, नव्या कपारी, दगडांचे नवे कोपरे हिशेबात येतात. लांबी वाढते, आणखी वाढते. सन १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला घातलेल्या वेढ्याच्या दृष्टीने यातील बहुतेक खाचा नगण्यच होत्या. काठाने चालणाऱ्या मुंगीला मात्र त्यातली एकही चुकवता येणार नाही.

ही अडचण इंग्रज हवामानशास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी नेमकी हेरली. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातील एकाच सीमेची लांबी एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४ किलोमीटर दिलेली त्यांना आढळली. त्यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याच आधारे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, हा प्रश्न जगापुढे ठेवला.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. भारताच्या किनारपट्टीची लांबी ७५१६.६ किलोमीटर, असे आपण अनेक दशके शिकवत आलो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी पाठ्यपुस्तकांतून ७२० किलोमीटर हा आकडा रूढ आहे. नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर आहे. समुद्राने काही जमीन गिळली नाही की नवा किनारा उगवला नाही. आधीची मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० प्रमाणाच्या. कोकणातल्या खाड्यांची वळणे नव्या नकाशात अधिक दिसतात, एवढेच.

मग खरी लांबी कोणती? येथे प्रश्नच बदलावा लागतो. १९०४ मध्ये स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांनी एक वक्र सुचवला. एक रेषाखंड घ्या, त्याचे तीन समान भाग करा, मधला भाग काढून तेथे त्याच लांबीच्या दोन भुजांचा टोकदार कोन उभारा. आता चार रेषाखंड झाले. प्रत्येकावर हीच कृती करा, आणि करतच राहा. दर पायरीला लांबी चार-तृतीयांश पट होते. म्हणजे शेवटी ती अनंत. पण संपूर्ण आकृती वहीच्या एका पानावर मावते! अशा आकृतीला 'लांबी किती?' हे विचारणे निरर्थक आहे.

१९१८ मध्ये जर्मन गणितज्ञ फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी यातून वाट काढली. एक मीटर बाजूचा चौरस घेऊ आणि तो १० सेंटिमीटरच्या फरश्यांनी झाकू. फरश्या लागतील १००. नुसत्या बाजूंची बेरीज केली तर ती १० मीटर येते. फरशी लहान करू तसतशी ही बेरीज अनंताकडे जाते. बाजूंच्या घनांची बेरीज शून्याकडे जाते. वर्गांची बेरीज मात्र दर वेळी १. म्हणून चौरसाची मिती २. हाउसडॉर्फ यांचे म्हणणे असे, की कोणताही संच शक्य तितक्या काटकसरीने लहान तुकड्यांनी झाका आणि तुकड्यांच्या रुंदीचा कोणता घात घेतला असता बेरीज अनंताकडून शून्याकडे उलटते, ते पाहा. तो घात म्हणजे मिती. ती पूर्णांकच असली पाहिजे, असे बंधन नाही. कॉखच्या वक्रात तुकडा एक-तृतीयांश केला की संख्या चौपट होते, म्हणून त्याची मिती लॉग ४ भागिले लॉग ३, म्हणजे सुमारे १.२६. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी रिचर्डसन यांच्या आकड्यांवरून १.२५ येते.

तर मग मिती १ आली की वस्तू रेषेसारखी, असे म्हणावे काय? येथे एक खोच आहे. कागदाच्या चौरसाचे १६ समान चौरस करा, फक्त चार कोपऱ्यांतले ठेवा. प्रत्येकावर पुन्हा तीच कृती, अशी अखंड करा. दर पायरीला तुकडे चौपट होतात, बाजू पाव होते. म्हणून मिती बरोबर १. त्याची लांबीही शून्य नाही आणि अनंतही नाही. पण उरते ती केवळ विखुरलेली धूळ! कोणताही गुळगुळीत वक्र काढला तरी त्यावर या धुळीचा मोजण्याजोगा हिस्सा सापडत नाही.

ए. एस. बेसिकोविच यांनी १९२८ ते १९३९ या काळातील शोधनिबंधांत हा भेद स्पष्ट केला. मर्यादित लांबीच्या कोणत्याही संचाचे दोन भाग पडतात. पहिला भाग वक्रांच्या तुकड्यांनी जवळजवळ पूर्ण झाकता येतो. त्याला आपण 'ऋजुकरणीय' म्हणू. त्याच्या जवळजवळ प्रत्येक बिंदूपाशी भिंग धरले की तो एका सरळ रेषेसारखा दिसू लागतो. दुसरा भाग भिंगाखालीही धूळच राहतो. दोहोंची कसोटी सावलीने होते. ऋजुकरणीय संचाची एका रेषेवर पडणारी सावली फार तर एखाद्या दिशेत नाहीशी होते. धुळीच्या सावलीची लांबी मात्र जवळजवळ प्रत्येक दिशेत शून्य असते.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. पन्हाळा परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. कंपासपेटीतला डिव्हायडर ४ सेंटिमीटर उघडून गडाच्या माथ्याभोवतीच्या एका समोच्च रेषेवरून चालवा आणि पावले मोजा. मग अंतर २, १ आणि अर्धा सेंटिमीटर करा. जमिनीवर ही पावले २ किलोमीटरपासून २५० मीटरपर्यंतची होतात. पाऊल निम्मे केल्यावर संख्या दुप्पटच होत असेल, तर लांबी स्थिरावली आणि मिती १. ती दुपटीहून सातत्याने अधिक होत असेल, तर त्या पल्ल्यात मिती १ हून अधिक. कॉखच्या वक्रात ती सुमारे २.४ पट होते. हाच प्रयोग रत्नागिरीच्या किनाऱ्यावर करून तुलना करावी. मात्र किनारपट्टीच्या दोन सरकारी आकड्यांवरून मिती काढू नये. दोन मोजण्यांत नकाशाच्या प्रमाणाखेरीज इतर फरकही आहेत.

शिवाय हेही मुलांना सांगावे, की खरा कडा किंवा किनारा म्हणजे कॉखचा वक्र नव्हे. जांभ्याच्या कपारींचा तपशील कणांपाशी, अणूंपाशी थांबतो. अनंत ही गोष्ट गणितातली. पण ज्या पल्ल्यात आपण मोजतो, त्या पल्ल्यात आकडा हलत राहतो, हे वास्तव आहे. म्हणून पुढच्या वेळी फळ्यावर गडाचा घेर किंवा किनाऱ्याची लांबी लिहाल, तेव्हा शेजारी मोजपट्टी किती लांबीची होती, किंवा नकाशा कोणत्या प्रमाणाचा होता, तेही लिहा. त्यावाचून तो आकडा अर्धाच आहे.