डोळे दिपवणारी वाट

श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिल्चर हे दोन्ही महामार्ग झाशी येथे परस्परांना छेदतात. त्यामुळे नागपूरहून सागर, ललितपूरमार्गे राणीचा किल्ला पाहण्यास मोटारीने निघालेल्या मराठी कुटुंबाची अखेरच्या टप्प्यात रात्री मालमोटारींच्या प्रखर झोतांशी गाठ पडते.

अंधाराला पूर्णतः सरावण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो. एक झोत तो सराव क्षणात मोडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने सेकंदाला २२ मीटर अंतर कापले जाते, आणि तेही जवळजवळ अंधपणे! अशा वेळी वेग कमी करून, समोरच्या दिव्यांऐवजी रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवणे हितावह. समोरची काच आतूनही पुसलेली असावी, कारण तिच्यावरील तेलकट थर प्रकाश विखुरतो. पिवळ्या काचांचे चष्मे आवर्जून विकले जातात. परंतु ते उपलब्ध उजेडच घटवतात. उतारवयात दिव्यांभोवती वलये दिसू लागल्यास मोतीबिंदूची तपासणी प्रवासापूर्वीच करून घ्यावी.

रात्री डिपर वापरण्याची विनंती कित्येक मालमोटारींच्या पाठीवर ठळक अक्षरांत रंगवलेली असते. ती वाचणाऱ्याचा अप्पर मात्र बहुधा चालूच असतो.