रात्रीच्या अंधारात पायलटला विमानतळावरचा रस्ता सापडतो कसा?

पावसाळ्यात रात्री विक्रमगडहून जव्हारचा घाट चढताना धुकं उतरलं, की ड्रायव्हरचा सगळा भरवसा दोनच गोष्टींवर असतो. रस्त्यावरची पांढरी पट्टी आणि कडेला चमकणारे रिफ्लेक्टर. पुढे मोखाड्यापर्यंत हेच.

आता समजा, ती गाडी जवळपास ३६ मीटर रुंद आहे. तिच्या दोन्ही बाजूंची टोकं ड्रायव्हरला धड दिसत नाहीत. आणि एक वळण चुकलं, तर समोरून ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने दुसरी गाडी येऊ शकते. मुंबई विमानतळावर रात्री एअरबस ए-३२० घेऊन निघालेल्या पायलटची परिस्थिती अशीच असते.

विमान उडतं आणि उतरतं ते धावपट्टीवर, म्हणजे रनवेवर. पार्किंगपासून रनवेपर्यंत जाणारा रस्ता म्हणजे टॅक्सीवे. मुंबईत दोन रनवे आहेत आणि ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं, याला फार महत्त्व आहे.

दिव्यांचे रंग काय सांगतात?

रात्री विंडो सीटवरून काढलेल्या व्हिडिओत निळे दिवे दिसतात ना, ती टॅक्सीवेची कड. टॅक्सीवेच्या मधोमध हिरव्या दिव्यांची रांग असते. विमानाचं पुढचं चाक या रांगेवर ठेवायचं, म्हणजे दोन्ही पंख सुरक्षित राहतात. रनवेच्या कडेचे दिवे मात्र पांढरे असतात. म्हणजे निळा-हिरवा दिसतोय तोवर तुम्ही टॅक्सीवेवर आहात.

रनवेच्या तोंडाशी आडवी लाल दिव्यांची ओळ असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना पुढे जायचं नाही. अनेक ठिकाणी शेजारी आळीपाळीने उघडझाप करणारे पिवळे दिवेही असतात. अर्थ एकच, ‘पुढे रनवे आहे, सावध.’

पाट्या कशा वाचतात?

टॅक्सीवेला नावं इंग्रजी अक्षरांची असतात. त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ वापरत नाहीत, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर म्हणजे ‘हा रस्ता तिकडे जातो’. लाल पाटीवर पांढरे आकडे म्हणजे रनवे. मुंबईच्या रनवेचा २७ हा आकडा होकायंत्रावरची २७० अंशांची दिशा सांगतो, म्हणजे पश्चिम. तोच रनवे उलट बाजूने ०९ होतो.

कॉकपिटमध्ये काय चालतं?

निघण्याआधी दोघं पायलट नकाशा उघडून मार्ग ठरवतात. कंट्रोल टॉवरने रेडिओवर सांगितलेला मार्ग जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथेच पकडली जाते. एक जण विमान चालवतो, दुसरा नकाशा आणि पाट्या ताडून बघतो. या वेळात कामाव्यतिरिक्त गप्पा बंद. सरळ रस्त्यावर वेग साधारण ताशी ५५ किलोमीटरच्या आत, वळणावर १८ च्या आसपास. कॉकपिट उंचावर असल्याने वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, म्हणून अंदाजावर न जाता आकडा बघावा लागतो.

मग चूक होते कुठे?

३१ ऑक्टोबर २०००. तैपेईत वादळी पावसाची रात्र. सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला जायचं होतं ०५ डाव्या रनवेवर. पण पायलट हिरव्या दिव्यांच्या मागे वळले आणि पोचले शेजारच्या ०५ उजव्या रनवेवर. तिथे दुरुस्ती चालू होती. योग्य रनवेकडे जाणारे दिवे त्यामानाने विरळ होते. विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. १७९ पैकी ८३ जण गेले. दोन्ही रनवे समांतर, त्यामुळे होकायंत्रावर दिशा बरोबरच दिसते. म्हणून दिशा, पाटी आणि रनवेवर रंगवलेला आकडा, तिन्ही तपासायचे असतात.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारं तटरक्षक दलाचं विमान रनवेवर शिरलं. त्याला परवानगी फक्त रनवेच्या अलीकडे थांबण्यापर्यंतची होती. ‘तुमचा पहिला नंबर’ हे टॉवरचे शब्द ऐकून कॅप्टनला रनवेवर जायची परवानगी मिळाली असं वाटलं. त्या जागचा स्टॉप बार देखभालीसाठी बंद होता. उतरणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, पण तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला.

आपल्याकडेही, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाने रनवेऐवजी समांतर टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी वेग घेतला. टॉवरच्या लक्षात आलं आणि विमान वेळेत थांबलं.

शंका आली तर?

पायलटना शिकवलेलं उत्तर सोपं आहे, थांबा आणि विचारा. रनवेवर असाल तर लगेच टॉवरला सांगा. गरज पडली तर वाट दाखवायला पुढे ‘फॉलो मी’ लिहिलेली गाडी येते. मोठ्या विमानतळांवर टॉवरकडे जमिनीवरची विमानं दाखवणारं रडारही असतं.

म्हणून पुढच्या वेळी रात्रीचं विमान टॅक्सीवेवर मध्येच थांबलं, तर ‘आता काय झालं?’ म्हणून वैतागू नका. घाटात धुकं दाटलं की शहाणा ड्रायव्हर गाडी हळू करतो. तसंच समजा, पुढे कुणीतरी लाल दिवा विझायची वाट बघतंय.